सस्पेंड झालात? रडगाणं नंतर, आधी ऑर्डरवर सही कोणाची ते बघा

सस्पेन्शनची ऑर्डर हातात पडली की माणूस पहिला फोन घरी लावतो, दुसरा ओळखीच्या नेत्याला, मग युनियनवाल्याला, आणि ज्या कागदाने हे सगळं घडलं तो कागद मात्र घडी घालून खिशात जातो तो चार दिवस बाहेर निघत नाही. आमच्या नागपुरात तर अर्धी सरकारी ऑफिसं सिव्हिल लाइन्सच्या आसपासच, त्यामुळे बातमी तुमच्या आधी चहाच्या टपरीवर पोचलेली असते आणि तिथे प्रत्येकाकडे एक फुकट सल्ला तयार. "मी निर्दोष आहे, सिद्ध करून दाखवतो" म्हणत लोक साहेबाच्या केबिनबाहेर बसून राहतात. भाऊ, ताई, ते करा, पण नंतर. सस्पेन्शनच्या कायदेशीरपणाचा आणि तुम्ही निर्दोष असण्याचा संबंध फार थोडा आहे, आणि हे एकदा डोक्यात बसलं तर पुढची अर्धी मेहनत वाचते.

कारण असं की निलंबन ही कायद्याच्या नजरेत शिक्षाच नाही. चौकशी होईपर्यंत माणसाला खुर्चीपासून, फायलींपासून, साक्षीदारांपासून लांब ठेवायचं, एवढाच त्याचा उद्देश. शिक्षा नाही म्हटल्यावर "मला आधी नोटीस दिली नाही, माझं म्हणणं ऐकलं नाही" हा मुद्दा जवळपास चालतच नाही, संविधानाच्या कलम ३११ चं जे संरक्षण आहे ते बडतर्फी, सेवेतून काढणं आणि पदावनतीसाठी आहे, सस्पेन्शनला ते लागू होत नाही. तरी दर दुसऱ्या अर्जात हाच मुद्दा पहिल्या नंबरवर असतो. सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्ये ओरिसा सरकार विरुद्ध बिमलकुमार मोहंती या केसमध्ये दोन्ही बाजूंनी सांगून ठेवलंय: सस्पेन्शन हे रूटीन म्हणून उठसूट करायचं नसतं, आरोप किती गंभीर आणि हाताशी पुरावा काय हे बघूनच करायचं, पण त्याच वेळी कोर्टानेही प्रत्येक सस्पेन्शनमध्ये नाक खुपसायचं नसतं. म्हणजे तुमच्या हातात उरतं काय, तर ऑर्डर. ती कोणी काढली, कोणत्या नियमात काढली, कोणत्या तारखेपासून काढली, आणि नंतर तिचा आढावा घेतला का. लढाई इथे आहे.

त्याआधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या, तुम्ही नेमके कोणाचे कर्मचारी. हे वाटतं तितकं सोपं नाही बरं का. कलेक्टर ऑफिस, सिंचन, पीडब्ल्यूडी, वनविभाग, मेडिकल कॉलेज, आरटीओ असे राज्य शासनाचे कर्मचारी असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम १९७९ लागू, त्यातला नियम ४ म्हणजे निलंबन, आणि कोर्ट म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, ज्याला सगळे मॅट म्हणतात, त्याचं नागपूर खंडपीठ. पोलीसवाले पण मॅटमध्येच, फक्त शिपायापासून पीआयपर्यंत त्यांचे शिक्षा आणि अपिलाचे नियम वेगळे, १९५६ चे. जिल्हा परिषदेचे असाल तर १९६४ चे जिल्हा सेवा नियम बघा, सीईओच्या ऑर्डरवर विभागीय आयुक्तांकडे जायचं आणि त्यानंतर थेट हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ, मॅटला तुमची केस घेण्याचा अधिकारच नाही. महापालिकेचंही तसंच, मॅट नाही. केंद्राचे, म्हणजे पोस्ट, इन्कम टॅक्स, एजी ऑफिस वगैरे, ते १९६५ च्या सीसीएस, म्हणजे केंद्रीय नागरी सेवा, नियमातल्या नियम १० खाली येतात आणि त्यांचं कोर्ट म्हणजे कॅट, केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, त्याच्या मुंबई खंडपीठाची फिरती बेंच नागपुरात बसते. रेल्वेचे १९६८ चे स्वतःचे नियम. चुकीच्या दारात जाऊन सहा महिने घालवलेले लोक आहेत, म्हणून एवढं लांबण लावलं. पुढचं मी मुख्यतः राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला धरून सांगतोय.

आता ऑर्डर काढा आणि पेन घेऊन बसा.

खालची सही बघा. निलंबित करण्याचा अधिकार नियुक्ती प्राधिकाऱ्याला, त्याच्या वरच्याला, शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याला किंवा शासनाने खास अधिकार दिलेल्याला असतो. तुमचा रोजचा साहेब यात बसतोच असं नाही. प्रभारी चार्ज असलेल्या साहेबाने सही केली असेल तर त्याच्याकडे फक्त रोजचं कामकाज होतं की हे अधिकारही दिले होते ते त्याच्या चार्जच्या ऑर्डरमध्ये बघा. नियुक्ती प्राधिकाऱ्यापेक्षा खालच्याने सस्पेंड केलं असेल तर त्याने कोणत्या परिस्थितीत असं केलं याचा रिपोर्ट ताबडतोब नियुक्ती प्राधिकाऱ्याला पाठवायला पाहिजे, तो पाठवलाय का हे माहितीच्या अधिकारात मागा. सोबत सस्पेन्शनच्या प्रस्तावाची टिपणीही मागा. चौकशी चालू आहे म्हणून नाकारतील कदाचित, पण नाकारल्याचा कागदही कामाचा असतो.

मग पोटनियम बघा. नियम ४ च्या पोटनियम एकमध्ये तीन कारणं आहेत: एक, शिस्तभंगाची कारवाई योजलेली किंवा चालू आहे, दोन, राज्याच्या सुरक्षिततेला बाधक हालचाली, तीन, फौजदारी गुन्ह्याचा तपास, चौकशी किंवा खटला चालू आहे. ऑर्डरमध्ये यातलं नेमकं कोणतं लिहिलंय? की नुसतंच "प्रशासकीय कारणास्तव" लिहून मोकळे झाले? चौकशी योजली आहे असं लिहिलंय पण फायलीवर चौकशीचा साधा विचारही नाही, असंही सापडतं कधीकधी.

पोटनियम दोन वेगळा आहे, तो मानीव निलंबनाचा. पोलीस किंवा न्यायालयीन कोठडीत ४८ तासांपेक्षा जास्त राहिलात तर अटकेच्या तारखेपासून आपोआप निलंबित मानतात. ट्रॅपच्या, म्हणजे लाच घेताना सापळ्यात धरल्याच्या, केसेसमध्ये इथे घोळ होतो. माणूस संध्याकाळी धरला, दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटला, ४८ तास झालेच नाहीत, तरी ऑफिसने सवयीने मानीव निलंबनाची ऑर्डर काढली, तीही मागच्या तारखेपासून. अटक पंचनाम्यावरची वेळ आणि जामिनावर सुटल्याची वेळ दोन्ही कागदावर असतात, घड्याळ लावून मोजा. ४८ तास भरले नसतील तर ते सस्पेन्शन मानीव होत नाही, तिथे पोटनियम एकखाली डोकं वापरून वेगळी ऑर्डर काढायला लागते आणि ती काढल्या तारखेपासूनच पुढे चालते, मागे जात नाही. आणि उलटही लक्षात ठेवा, ४८ तास खरंच भरले असतील तर जामीन मिळाला म्हणून सस्पेन्शन आपोआप संपत नाही.

आता खास आमच्या गावचा प्रकार. डिसेंबरात अधिवेशन भरलं की विधानभवनात लक्षवेधी लागते, विरोधक ओरडून राहिले, मंत्रीसाहेब उठतात आणि सभागृहात जाहीर करतात, अमुक अधिकाऱ्याला निलंबित करण्यात येत आहे. बाकं वाजतात. तो बिचारा अधिकारी गडचिरोलीत ऑफिसात बसलेला, त्याला टीव्हीवरून कळतं. बाप्पा, घोषणा म्हणजे ऑर्डर नाही. सक्षम प्राधिकाऱ्याने स्वतः फाईल बघून, स्वतःची बुद्धी चालवून निर्णय घ्यायला पाहिजे, आणि ऑर्डरमध्येच किंवा टिपणीत "सभागृहातील घोषणेच्या अनुषंगाने" एवढंच कारण असेल, बाकी काही नाही, तर दुसऱ्याच्या सांगण्यावरून अधिकार वापरला हा चांगला मुद्दा होतो. पण मंत्री स्वतःच सक्षम असेल, फायलीवर आधीपासून चौकशी अहवाल पडलेला असेल, तर नुसती घोषणा झाली म्हणून ऑर्डर पडणार नाही. टिपणी बघितल्याशिवाय उड्या मारू नका.

साहेबाने खुन्नस काढली हा मुद्दा सगळ्यांनाच मांडायचा असतो. मांडा, पण नुसतं "द्वेषबुद्धीने" असा एक शब्द टाकून काही होत नाही. कोणत्या तारखेला काय झालं, तुम्ही कोणतं बिल अडवलं, कोणाची तक्रार केली, त्यानंतर किती दिवसांत ऑर्डर आली, हे सगळं कागदानिशी, आणि ज्याच्यावर आरोप करताय त्याला नावाने पार्टी करावं लागतं. तेवढा दम आणि तेवढे कागद नसतील तर हा मुद्दा सोडून द्या, बाकीचे चांगले मुद्दे यामुळे पातळ होतात.

पहिल्या आठवड्यात करायची कामं पटकन सांगतो. ऑर्डर घ्यायला नकार देऊ नका, दारावर चिकटवतील आणि तारीख तुमच्या हातून जाईल, त्यापेक्षा "प्रत मिळाली" लिहून तारीख टाकून सही करा. चार्ज यादी करून द्या, आणि यादीची पोच ठेवा, नाहीतर नंतर एखादी फाईल गायब झाली की ती पण तुमच्याच नावावर. ऑर्डरमध्ये मुख्यालय दिलेलं असतं, परवानगीशिवाय ते सोडायचं नाही, नागपूरचा माणूस आणि मुख्यालय सिरोंचा, असं असलं तरीही आधी तिथे हजर व्हा आणि मग मुख्यालय बदलायचा अर्ज द्या. रोज येऊन मस्टरवर सही करा असं तोंडी सांगत असतील तर लेखी मागा, कोणत्या नियमाखाली ते पण विचारा. दुसरी नोकरी, धंदा बिलकुल नाही.

निर्वाह भत्ता. याबद्दल लोक लाजतात, मागत नाहीत, किंवा बाबू म्हणतो ऑडिट लागेल आणि हे गप्प. निलंबन काळातल्या पगार-भत्त्यासाठी महाराष्ट्र नागरी सेवेचे १९८१ चे वेगळे नियम आहेत, त्यातला नियम ६८ वाचा. पहिले तीन महिने अर्धपगारी रजेवर जेवढा पगार मिळाला असता तेवढी रक्कम आणि त्यावरचा महागाई भत्ता. तीन महिन्यांनंतर, उशीर तुमच्यामुळे होत नसेल तर, त्या रकमेत ५० टक्क्यांपर्यंत वाढ करता येते, म्हणजे मूळ पगाराच्या साधारण पाऊण हिश्शापर्यंत. उशीर तुम्ही करत असाल तर तेवढीच कपातही होऊ शकते, म्हणून चौकशीत उगाच तारखा मागत बसू नका. वाढ आपोआप होईल अशी आशा ठेवू नका, चौथा महिना लागला की अर्ज टाका. दर महिन्याला मी दुसरीकडे नोकरी-धंदा करत नाही असं प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते दिलं नाही तर भत्ता अडतो आणि चूक तुमची ठरते. भत्ता न देणं ही बारीक गोष्ट नाही. एकेकाळी आपल्याच राज्यात खालच्या कोर्टात दोषी ठरून अपिलात गेलेल्या निलंबित माणसाला महिना एक रुपया द्यायचा नियम होता, एक रुपया, तो सुप्रीम कोर्टाने १९८३ मध्ये महाराष्ट्र सरकार विरुद्ध चंद्रभान टाले या केसमध्ये मोडीत काढला. आणि १९९९ च्या कॅप्टन पॉल अँथनीच्या केसमध्ये तर भत्ता न दिल्यामुळे माणूस चौकशीला हजर राहू शकला नाही म्हणून ती एकतर्फी चौकशीच टिकली नाही. तेव्हा प्रत्येक महिन्याची मागणी लेखी, आवक नंबरसकट.

आता सगळ्यात मोठा मुद्दा, ९० दिवस. सुप्रीम कोर्टाने १६ फेब्रुवारी २०१५ ला अजयकुमार चौधरी विरुद्ध भारत सरकार या केसमध्ये सांगितलं की तीन महिन्यांच्या आत दोषारोपपत्र (म्हणजे विभागीय चौकशीतली चार्जशीट) दिलं नाही तर सस्पेन्शन त्यापुढे चालवू नये, आणि दिलं असेल तर पुढे चालवायला कारणांसकट ऑर्डर काढायला पाहिजे. माणसाचा पुराव्याशी संबंध येऊ नये म्हणून त्याची दुसरीकडे बदली करायला सरकार मोकळं आहे हेही त्यातच आहे, तुमच्या अर्जात हे वाक्य असू द्या, कारण "साक्षीदारांवर दबाव आणेल" या ऑफिसच्या ठरलेल्या उत्तराला ते उत्तर आहे. गंमत म्हणजे चौधरींना स्वतःला त्या निकालाचा थेट फायदा झाला नाही, तोवर त्यांना चार्जशीट मिळून गेली होती. या निकालावरून आपल्या सामान्य प्रशासन विभागाने ९ जुलै २०१९ ला जीआर काढला, शासनाच्या वेबसाइटवर आहे, डाउनलोड करून दोन प्रिंट काढून ठेवा. त्यात स्पष्ट आहे की ९० दिवसांत दोषारोपपत्र बजावलं नाही तर निलंबन संपवण्याशिवाय दुसरा पर्याय राहत नाही, आणि बजावलं असेल तर तीन महिन्यांत आढावा घेऊन पुढे चालू ठेवायचं असल्यास कारणमीमांसेसह स्पष्ट आदेश पाहिजे. लाचलुचपतच्या केसमध्ये कागद एसीबीकडे अडकलेत हे कारण ऑफिसं फार देतात, पण त्या खात्याने विभागीय चौकशीसाठी लागणारा अभिलेख उपलब्ध करून द्यायचा हेही त्याच जीआरमध्ये आहे.

मोजायचं कसं, तर सस्पेन्शनच्या तारखेपासून दोषारोपपत्र तुम्हाला बजावल्याच्या तारखेपर्यंत. ऑफिसने ते तयार केल्याची तारीख नाही, जावक रजिस्टरची तारीख नाही. ८८ व्या दिवसाची तारीख टाकलेलं पत्र १०५ व्या दिवशी पोस्टाने आलं तर पाकीट फेकू नका, शिक्क्यावरची तारीख म्हणजे तुमचा पुरावा.

आणि एक्याण्णवाव्या दिवशी सकाळी डबा घेऊन ऑफिसात जाऊन बसू नका राजेहो. राज्याच्या नियमात लिहिलंय की निलंबनाची ऑर्डर ती बदलेपर्यंत किंवा रद्द करेपर्यंत अंमलात राहते. म्हणजे हक्क मिळाला, पण कागद हलवून घ्यावा लागेल. केंद्राच्या कर्मचाऱ्यांचं इथे बरं आहे, त्यांच्या नियम १० मध्येच लिहिलंय की ९० दिवसांत आढावा घेऊन मुदत वाढवली नाही तर सस्पेन्शन वैध राहत नाही, आणि दीपक माळी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ते कडकपणे लावलं, नंतर काढलेली मुदतवाढ पण चालली नाही. राज्याच्या माणसाने एक्याण्णवाव्या दिवशी अर्ज द्यायचा, साधा, एका पानाचा, असा काहीतरी:

"विषय: निलंबन आदेश क्र. … दि. … अन्वये झालेले निलंबन समाप्त करणेबाबत. महोदय, उपरोक्त आदेशान्वये मला निलंबित करण्यात आले असून आज रोजी ९० दिवसांचा कालावधी पूर्ण झाला आहे. अद्याप मला दोषारोपपत्र बजावण्यात आलेले नाही. सामान्य प्रशासन विभागाच्या दि. ९ जुलै २०१९ च्या शासन निर्णयातील तरतुदी विचारात घेऊन माझे निलंबन समाप्त करून मला पुनःस्थापित करण्यात यावे. विभागीय चौकशीस मी पूर्ण सहकार्य करीन."

यात आरोप खोटे कसे, साहेब वाईट कसा, घरी आई आजारी कशी, काहीही घालू नका. वाचणाऱ्या बाबूला दोन तारखा आणि एक जीआर दिसला पाहिजे बस.

अपील वेगळं बरं का, ते या अर्जाची वाट बघत थांबवायचं नाही. सस्पेन्शनवर अपील करता येतं आणि मुदत ऑर्डरची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवस, म्हणजे ९० दिवसांची वाट बघणाऱ्याचं अपील मुदतीबाहेर जातं. सक्षम नसलेला अधिकारी, चुकीचा पोटनियम, मागची तारीख, हे ऑर्डरमधले दोष अपिलात. अपील स्वतःच्या नावाने, अपिलीय प्राधिकाऱ्याला, आणि प्रत ऑर्डर काढणाऱ्याला. भाषा सभ्य ठेवायची, हे नियमातच आहे. मंत्रालयातून शासनानेच काढलेल्या ऑर्डरवर मात्र अपील नसतं, तिथे निवेदन देऊन मॅटकडे.

मॅटमध्ये मूळ अर्ज दाखल होतो. १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याप्रमाणे आधी खात्यातले उपाय वापरलेले असावेत ही सर्वसाधारण अपेक्षा, अपिलावर सहा महिने काहीच निर्णय नाही आला तर जाता येतं, आणि अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत. पण "सर्वसाधारण" हा शब्द कायद्यातच आहे, ऑर्डर काढणाऱ्याला अधिकारच नव्हता किंवा ९० दिवस उलटून गेलेत असा सरळ मुद्दा असेल तर सहा महिने न थांबता अर्ज घेण्याची विनंती करता येते, वकिलाला हे आवर्जून विचारा. अंतरिम स्थगिती लगेच मिळेल असं कोणी सांगत असेल तर जरा सावध, समोरच्याला न ऐकता दिलेला अंतरिम आदेश १४ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. मागणी दोन पायऱ्यांत करा: ऑर्डर रद्द करा, आणि ते नाही तर ठराविक आठवड्यांत आढावा घेऊन कारणांसकट निर्णय द्यायला सांगा. या दुसऱ्या मागणीला लोक नाकं मुरडतात, पण माझ्या मते बऱ्याच वेळा तीच कामाची, कारण फाईल हलत नसते म्हणून तर सस्पेन्शन चालू असतं, कोणी ते ठरवून चालू ठेवलेलं असतंच असं नाही. मॅटच्या निकालावर हायकोर्टाच्या डिव्हिजन बेंचकडे जाता येतं, १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालापासून रस्ता असाच आहे.

पैशाचं टेन्शन असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा हायकोर्टाची विधी सेवा समिती बघा, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथे मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्ध्या पगारावर असताना हे माहिती असलेलं बरं.

ऑर्डर रद्द झाली, पेढे वाटले, की बहुतेक जण पुनःस्थापनेच्या आदेशातली शेवटची ओळ वाचत नाहीत: "निलंबन कालावधीबाबतचा निर्णय स्वतंत्रपणे घेण्यात येईल." तो काळ कर्तव्यकाळ धरायचा की नाही, राहिलेला पगार किती द्यायचा, हे १९८१ च्या नियमातल्या नियम ७२ खाली ठरतं आणि निलंबन पूर्णपणे असमर्थनीय ठरलं तर पूर्ण पगार मिळायला पाहिजे. ते ठरेपर्यंत वेतनवाढ अडकते, सर्व्हिस बुकात रिकामी जागा राहते आणि पेन्शनच्या वेळी एजी ऑफिस तीच जागा दाखवून फाईल परत पाठवतं. म्हणून हजर झालात की जॉइनिंग रिपोर्टसोबतच नियम ७२ चा अर्जही आवकला टाका आणि नंबर घ्या.